‘मला काहीच वाटले नाही’ असे सांगणारा मुलगा

पंधरा वर्षांचा मुलगा स्वतःविषयी बोलू लागला, की तो एकाच दमात दोन गोष्टी सांगतो. एक त्याला सांगायची असते. दुसरी त्याच्या नकळत सांगितली जाते. या दोन गोष्टींचे एकमेकींशी फारसे पटत नाही. प्रत्यक्ष आयुष्यात अशा बोलण्याला आपण उद्धटपणा, थापा किंवा वयाचा दोष म्हणून मोकळे होतो. कथा-कादंबरीत मात्र हीच विसंगती व्यक्तिचित्रणाचे एक फार भरवशाचे साधन ठरते. असे का होते आणि लेखक ते कसे साधतो, हे समजून घेतले तर मराठीतील काही महत्त्वाची पुस्तके वेगळ्या रीतीने वाचता येतात. कदाचित घरातील आणि शाळेतील मुलांचे बोलणेही.

प्रारंभी एक उदाहरण घेऊ. चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा तालुक्यात जंगलाला लागून असलेल्या एखाद्या गावात नववीत शिकणारा एक मुलगा आहे, असे समजा. हा मुलगा कल्पित आहे. परिस्थिती मात्र कल्पित नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाची फुले गळतात, ती वेचण्यासाठी बाया-माणसे उजाडण्यापूर्वी जंगलात जातात आणि फुले किंवा तेंदूपत्ता गोळा करायला गेलेल्यांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या या जिल्ह्यातून दर उन्हाळ्यात येत असतात. हा मुलगा सांगतो:

‘मले वाघाचं भेव नाही. आई मोहफुलं वेचाले जाते, मी तिच्यासंगं जातो, ते तिले भेव वाटते म्हून. मी मधात चालतो, काऊन का मागच्याले आवाज आयकू येत नाही अन् पुढच्याले काटे लागते. यंदा आई म्हने, तू नको येऊ, परीक्षा हाय. मले बरंच वाटलं. पुस्तक उघडून बसलो. कोन्तं पुस्तक होतं ते ध्यानात नाही. आई सव्वाअकराले आली. रोज दहाले येते. मी म्हटलं, एवढ्या लवकर आली?’

या दहा-बारा वाक्यांत मुलगा ‘मी घाबरलो’ असे कोठेही म्हणत नाही. किंबहुना पहिल्याच वाक्यात त्याने ते नाकारले आहे. तरीही वाचणाऱ्याला त्याची भीती पुरेपूर कळते. भीती नसलेला मुलगा रांगेत मध्ये का चालतो, याचे कारण द्यायला जात नाही. बरे वाटलेल्या मुलाला समोरचे पुस्तक कोणते होते, हे आठवले असते. आणि आईच्या येण्याची फिकीर नसलेल्याला घड्याळातील सव्वाअकरा लक्षात राहिले नसते. शेवटचा प्रश्न तर सरळसरळ उलटा आहे. आई उशिरा आली, हे त्याने आदल्याच वाक्यात सांगितले आहे आणि तरी तो तिला लवकर आल्याबद्दल विचारतो. सव्वा तास तो दाराकडे पाहत बसला होता, हे त्याला आईला कळू द्यायचे नाही.

मुलाचा स्वभाव आपल्याला त्याच्या दाव्यांतून कळलेला नाही. दावा आणि तपशील यांच्यात जी फट राहते, तिच्यातून तो कळला आहे. तो अभिमानी आहे, आईवर त्याचा जीव आहे आणि तो जीव दाखवण्याची त्याला लाज वाटते. ‘तो अभिमानी, प्रेमळ आणि लाजाळू होता’ असे लेखकाने लिहिले असते, तर आपण ते मान्य केले असते आणि विसरून गेलो असतो. येथे ते आपण स्वतः शोधून काढले आहे. जे स्वतः शोधून काढले, त्यावर वाचक अधिक विश्वास ठेवतो.

दोन ‘मी’

प्रथमपुरुषी निवेदनात नेहमीच दोन ‘मी’ असतात. एक प्रसंगातून जाणारा ‘मी’ आणि दुसरा तो प्रसंग नंतर सांगणारा ‘मी’. या दोघांमधील अंतर किती आहे, यावर निवेदनाचा सूर ठरतो.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात सांगणारा श्याम प्रौढ आहे. लहानपणी पायाच्या तळव्यांना माती लागू नये म्हणून हट्ट करणारा, आईला दुखावणारा मुलगा आणि आश्रमातील मित्रांना रात्री ही हकिकत सांगणारा माणूस यांच्यात अनेक वर्षे उलटली आहेत. त्यामुळे बालश्यामच्या वागण्यातील विसंगतीचा निवाडा प्रौढ श्याम स्वतःच करून टाकतो. चूक कोणती होती, आईचे मोठेपण कशात होते, हे वाचकाने शोधायचे उरत नाही. पुस्तकाचा हेतूच संस्काराचा असल्यामुळे ही पद्धत तेथे योग्य आहे आणि तिची ताकद पिढ्यान्‌पिढ्यांनी अनुभवली आहे.

किशोरवयीन निवेदकाचे तसे नसते. सांगणारा आणि अनुभवणारा यांच्यात एखाद्या वर्षाचे, कधी एखाद्या दिवसाचे अंतर असते. निवाडा करण्याइतका वेळ गेलेला नसतो. त्यातून हे वय असे, की मोठ्यांची भाषा तोंडात आलेली असते आणि मोठ्यांचा अनुभव मात्र यायचा असतो. मुलगा ‘मला काही फरक पडत नाही’ हे वाक्य मोठ्यांकडून शिकतो; फरक पडणे थांबवायला शिकत नाही. म्हणून त्याचे शब्द एकीकडे जातात आणि तपशील दुसरीकडे. हे केवळ लेखकांनी रचलेले तंत्र आहे, असेही नाही. ॲमस्टरडॅममध्ये लपून राहिलेल्या ॲन फ्रँकने १ ऑगस्ट १९४४ रोजी, वयाच्या पंधराव्या वर्षी रोजनिशीत शेवटची नोंद केली. ती नोंद स्वतःमधील विसंगतीविषयीच आहे. सर्वांना दिसणारी थट्टेखोर ॲन आणि कोणालाच न दिसणारी दुसरी ॲन यांचा मेळ कसा घालावा, या प्रश्नाशी ती झगडते आहे. त्यानंतर तीन दिवसांनी तिला अटक झाली.

‘वगैरे’ म्हणणारा पांडुरंग

मराठीत या प्रकारच्या आवाजाची चर्चा सुरू होते ती भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’पासून. ही कादंबरी १९६३ साली प्रसिद्ध झाली. नेमाडे त्या वेळी पंचवीस वर्षांचे होते आणि त्यांचा निवेदक पांडुरंग सांगवीकरही पंचवीस वर्षांचाच आहे. म्हणजे काटेकोर अर्थाने तो किशोर नाही. परंतु तो सांगतो ते खानदेशातील गावातून पुण्याला शिकायला आलेल्या मुलाचे आयुष्य. वसतिगृह, मेस, परीक्षा, कर्ज, वादविवाद आणि मित्र हा सारा काळ शाळकरी वय नुकतेच संपत असतानाचा आहे. आणि सांगण्याची रीत त्याच वयाची आहे.

‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हे पांडुरंगचे दोन शब्द मराठी वाचकांच्या चांगलेच परिचयाचे आहेत. पुढे अनेकांनी त्यांची नक्कल केली. पण हे शब्द काय काम करतात, हे पाहण्यासारखे आहे. ‘उदाहरणार्थ’ हा शब्द एखादे विधान सिद्ध करण्यासाठी वापरला जातो. पांडुरंग तो जेथे सिद्ध करण्यासारखे काही नाही तेथे वापरतो. स्वतःच्या आयुष्याकडे तो जणू दुसऱ्या कशाचे तरी उदाहरण म्हणून पाहतो. ‘वगैरे’ हा शब्द यादी पुढे चालू असल्याचे सांगतो. पांडुरंगच्या तोंडी तो पुढे न जाण्यासाठी येतो. भावनेच्या अगदी जवळ आले, की ‘वगैरे’ म्हणून तो परत फिरतो. म्हणजे बेफिकिरी दाखवणारा प्रत्येक शब्द त्याची फिकीर नेमकी कोठे आहे, याची खूण करून ठेवतो.

म्हणूनच धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तेव्हा वाचक हादरतो. तोपर्यंतची थट्टेखोर चाल तेथे टिकत नाही. सर्व काही निरर्थक आहे, असे सांगणाऱ्या माणसाला हे एक मरण निरर्थक म्हणून सोडून देता येत नाही. आधीची सारी थट्टा मग मागे जाऊन पुन्हा वाचावीशी वाटते. ती थट्टा कशाला झाकत होती, ते आता कळते. वडिलांविषयीही तेच. वडिलांचा व्यवहारीपणा, हिशेबीपणा त्याला असह्य होतो आणि पुण्यातील त्याचे सारे उद्योग त्याच वडिलांच्या पैशावर चालतात. शेवटी तो ज्या गावापासून दूर गेला, त्याच गावात परततो. यातील कोणतीच विसंगती पांडुरंग मिटवत नाही. नेमाडे यांना पुढे २०१४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, त्यांनी अनेक मोठ्या कादंबऱ्या लिहिल्या; तरी वाचकांच्या मनातून पांडुरंग गेला नाही, याचे एक कारण या न मिटवलेल्या विसंगतीत आहे.

लंपन आणि मुकुंद

प्रकाश नारायण संत यांचा लंपन याहून लहान, किशोरवयाच्या उंबरठ्यावर असलेला. कवयित्री इंदिरा संत यांचे चिरंजीव असलेले संत हे पेशाने भूशास्त्राचे प्राध्यापक. ‘वनवास’ हा त्यांचा पहिला कथासंग्रह १९९४ साली आला आणि त्यामागोमाग ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि ‘झुंबर’. बेळगावकडील कानडी-मराठी मुलखात आजी-आजोबांपाशी वाढणारा हा मुलगा स्वतःची हकिकत सांगतो. २०२४ साली त्यावर वेबमालिकाही आली.

लंपनचा स्वर पांडुरंगच्या अगदी विरुद्ध आहे. त्याला सगळ्याचेच अप्रूप वाटते. तो बोलताना अतिशयोक्ती करतो आणि ती करताना आकडे मात्र अगदी नेमके दिल्यासारखे देतो. मुले अशीच बोलतात. आपल्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, अशी शंका आली, की ती आकडा सांगतात. त्यामुळे जेथे आकडा सर्वांत नेमका, तेथे गोष्ट सर्वांत कमी खरी आणि भावना सर्वांत अधिक खरी, असे काहीसे घडते.

मोठी विसंगती पुस्तकाच्या नावातच आहे. लंपनला आजी-आजोबा आवडतात, गाव आवडते, झाडे आणि मित्र आवडतात, सुमी आवडते. त्याच्या बोलण्यात तक्रार नाही. पण आई-बाबा आणि भावंडे एका गावी आणि आपण दुसऱ्या गावी, ही वस्तुस्थिती तो कोठेही दूर सारू शकत नाही. तो आनंदात आहे आणि तो वनवासात आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मोठ्या माणसाने हे सांगितले असते, तर त्याने ‘तरीही’ किंवा ‘परंतु’ असे एखादे अव्यय घालून दोहोंपैकी एका गोष्टीला वरचढ ठरवले असते. मुलाजवळ ते अव्यय नाही.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. निवेदक मुकुंद जोशी नववीत आहे आणि काळ आहे १९७५-७६ चा, आणीबाणीचा. मुकुंद आणि त्याचे दोस्त अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसून जगातील सर्व विषयांवर निकाल देतात. मुलींविषयी तर त्यांच्यापाशी पक्के सिद्धान्त आहेत. परंतु शिरोडकर समोर आली, की मुकुंदचा एकही सिद्धान्त उपयोगी पडत नाही. वाचकाशी तो पानेच्या पाने बोलतो आणि जिच्याशी बोलायचे तिच्याशी दोन वाक्ये बोलायला त्याला महिने लागतात.

मुकुंदची विसंगती भाषेच्या पातळीवर फार सहज दिसते. दोस्तांमधील त्याची भाषा राकट आहे, घरातील भाषा वेगळी आहे आणि मनातली तिसरीच. घरातील माणसांची तो टोपणनावांनी थट्टा करतो, पण ती कोणत्या गोष्टीने दुखावतील, याचे भान त्याला सतत असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आपण किती बिलंदर आहोत, हे तो पटवू पाहतो आणि पानागणिक आपल्याला दिसत जाते, की हा मुलगा मुळात फार सरळ आहे. अखेरीस शिरोडकर गाव सोडून जाते आणि समोर दहावी उभी राहते. जे गेले त्याला तो ठसठशीत नाव देत नाही. नाव देण्याची जबाबदारी वाचकावर येते.

‘शाळा’वर सुजय डहाके यांनी त्याच नावाचा चित्रपट केला. तो जानेवारी २०१२ मध्ये प्रदर्शित झाला आणि त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पुस्तक वाचून मग चित्रपट पाहणाऱ्याला दोन माध्यमांतला एक फरक जाणवतो. कॅमेरा मुकुंदकडे बाहेरून पाहतो. तो काय करतो, हे दिसते. पण तो करतो त्याच्या नेमके उलट स्वतःला काय सांगत असतो, हे सतत ऐकू येणे पडद्यावर कठीण. कागदावर मात्र दोन्ही एकाच वाक्यात राहू शकतात. किशोर निवेदक हा मुख्यतः गद्याचा प्राणी आहे, तो यामुळे.

खोटे बोलणे आणि उलटे बोलणे

जगाच्या साहित्यात या आवाजाचे दोन प्रसिद्ध पूर्वज आहेत. मार्क ट्वेनचा हकलबेरी फिन १८८४ साली आला. तेरा-चौदा वर्षांचा हक पळून आलेल्या जिम या गुलामाला साथ देतो. गुलामाला पळून जाण्यास मदत करणे पाप आहे, असेच त्याला शिकवले गेले आहे आणि त्यावर त्याचा पूर्ण विश्वास आहे. जिमचा ठावठिकाणा कळवणारे पत्र तो लिहितो आणि मग फाडून टाकतो. ते फाडताना आपण चांगले काम करतो आहोत, असे त्याला वाटत नाही. आपण आता नरकात जाणार, अशीच त्याची समजूत आहे. पुस्तकातील सर्वांत नैतिक क्षणी निवेदक स्वतःला सर्वांत पापी समजतो. त्याने स्वतःला चांगला म्हटले असते, तर तो प्रसंग इतका थोर झाला नसता.

जे. डी. सॅलिंजरच्या १९५१ सालच्या ‘द कॅचर इन द राय’मधील होल्डन कॉलफिल्ड हा दुसरा. ‘कोसला’विषयी बोलताना त्याचे नाव हमखास निघते. जगातील सारे लोक ढोंगी आहेत, हा त्याचा मुख्य आरोप आणि स्वतः मात्र तो भेटेल त्याच्याशी खोटे बोलतो. चित्रपटांचा त्याला तिटकारा आहे आणि तो चित्रपटाला जाऊन बसतो. तो एकटेपणाची बढाई मारतो आणि रात्रभर कोणाला फोन करावा, याचा विचार करतो. पण रक्ताच्या कर्करोगाने गेलेला धाकटा भाऊ ॲली आणि लहान बहीण फीबी यांच्याविषयी बोलताना त्याचा तोरा गळून पडतो. होल्डनला ढोंगाचा राग आहे, त्याचे मूळ मग आपल्या ध्यानात येते. भाऊ गेल्यावर जगाने काही झालेच नसल्यासारखे चालू राहावे, हे त्याला सहन झालेले नाही.

अशा निवेदकाला समीक्षेत ‘अविश्वसनीय निवेदक’ म्हणतात. वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने १९६१ साली ही संज्ञा रूढ केली. निवेदकाची मूल्ये आणि कलाकृतीची मूल्ये यांच्यात अंतर पडले, की तो निवेदक अविश्वसनीय ठरतो, असा त्याचा आशय. परंतु येथे एक भेद करायला हवा. काही निवेदक वाचकाला फसवतात. गुन्हा लपवून ठेवणारा निवेदक रहस्यकथेत असतो. किशोर निवेदक सहसा फसवत नाही. तो उलटे बोलतो. घटना तो खऱ्याच सांगतो, चुकतो तो त्यांचा अर्थ सांगताना. आपल्या कल्पित मुलाने सव्वाअकरा ही वेळ लपवली नाही, हे पुन्हा आठवावे. लपवणाऱ्याने ती आधी लपवली असती.

विसंगती आणि चूक

येथे चोखंदळ वाचकाला एक शंका येईल. निवेदक दोन परस्परविरोधी गोष्टी बोलतो, म्हणजे लेखकाने हेतुपुरस्सर तसे केले, असे कशावरून? लेखकाचाच तोल गेला नसेल कशावरून? शंका रास्त आहे. किशोरवयीन आवाजाच्या नावाखाली पुष्कळ ढिले लेखन खपून जाते.

याची एक साधी कसोटी आहे. विसंगती कोठे येते, ते पाहावे. लेखकाची चूक कोठेही येते. पहिल्या प्रकरणात डावखुरा असलेला मित्र सातव्या प्रकरणात उजव्या हाताने लिहितो, त्यातून काहीच कळत नाही. स्वभावातून आलेली विसंगती मात्र ठरावीक जागीच पुन्हा पुन्हा येते. दुखऱ्या दाताकडे जशी जीभ जाते, तशी. पांडुरंगचे तुटक बोलणे जिव्हाळ्याच्या जागी येते, होल्डनचे खोटे एकटेपणाच्या जागी येते, मुकुंदची बढाई शिरोडकरच्या आसपास येते. या जागा जोडत गेले, की माणसाचा आकार तयार होतो.

दुसरी कसोटी तपशिलाची. दावा मोघम आणि तपशील नेमका असेल, तर तपशिलावर विश्वास ठेवावा. ‘मला बरंच वाटलं’ हा दावा आहे; ‘सव्वाअकरा’ हा तपशील. चांगला लेखक दावा मुलाच्या ताब्यात देतो आणि तपशील स्वतःच्या हातात ठेवतो.

तिसरी कसोटी अशी, की विसंगती निवेदकाला कळता कामा नये. निदान पूर्णपणे कळता कामा नये. ‘मी वरून बेफिकीर दिसतो, पण आतून हळवा आहे’ असे जो पंधरा वर्षांचा मुलगा पानावर सांगतो, तो पंधरा वर्षांचा नसतो. त्याच्या पाठीमागे चाळिशीचा लेखक उभा असल्याचे लगेच दिसते. याच्या उलट टोकाचा दोष म्हणजे मुलाला नुसते गोजिरवाणे करणे. त्याच्या चुकांवर हसू यावे एवढ्यासाठीच त्या योजलेल्या असतात आणि वाचक त्याच्याकडे वरून पाहू लागतो. चांगल्या पुस्तकात वाचकाला मुलापेक्षा थोडे अधिक दिसते खरे, पण त्याला त्याचा गर्व वाटत नाही. उलट आपणही असेच बोललो होतो, हे आठवून तो काहीसा ओशाळतो.

लाल शाईची रेघ

आता पुन्हा पोंभुर्ण्याकडे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या पट्ट्यात झाडीबोली बोलली जाते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा सविस्तर अभ्यास करून तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. ‘ण’ आणि ‘ळ’ यांसारखे वर्ण तिच्या मूळ उच्चारात नाहीत. दिवाळीनंतर गावोगावी रात्रभर चालणारी झाडीपट्टीची नाटके या मुलखाची मोठी ओळख आहे. ‘नाटकात काही दम नाही’ असे सांगणारा आणि त्यातील संवाद तोंडपाठ असलेला मुलगा येथे शोधावा लागणार नाही. म्हणजे किशोर निवेदकाला लागणारी सामग्री या जंगलाच्या मुलखात उदंड आहे. बोली आहे, खरे भय आहे, त्या भयाविषयी बोलायचे नाही, हा शिष्टाचारही आहे.

पण या मुलाने आपली ती दहा-बारा वाक्ये निबंधाच्या वहीत लिहिली, तर त्यांचे काय होईल? ‘कोन्तं’ खाली लाल रेघ येईल. ‘काऊन का’ च्या जागी ‘कारण’ येईल. ‘आई उशिरा आली की लवकर, ते नीट ठरव’ असा शेरा समासात लिहिला जाईल. या प्रत्येक दुरुस्तीमागे चांगलाच हेतू असेल आणि प्रमाणभाषा मुलाला यायलाच हवी, यातही वाद नाही. परंतु दुरुस्त झालेल्या निबंधात मुलगा लिहील, ‘वाघ हा हिंस्र प्राणी आहे. मला वाघाची भीती वाटते. माझी आई फार कष्टाळू आहे.’ तिन्ही वाक्ये शुद्ध, तिन्ही खरी, आणि त्यांत मुलगा कोठेच नाही. पुढच्या वेळी तो सव्वाअकरा लिहिणार नाही. त्याच्या तो आकडा लिहिण्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते, एवढेच त्याला कळलेले असेल.

मुलांच्या तोंडची विसंगती दुरुस्त करण्याची घाई आपल्याला असते, कारण ती ऐकताना आपल्याला अवघडल्यासारखे होते. ‘आत्ता तर म्हणालास भीती नाही!’ असे म्हणून आपण त्याला पकडतो आणि जिंकतो. जिंकल्यावर मुलगा गप्प होतो. पांडुरंग, लंपन आणि मुकुंद यांना त्यांच्या लेखकांनी असे पकडले नाही. त्यांना उलटे बोलू दिले, शेवटपर्यंत बोलू दिले आणि त्यांच्या बोलण्यातील आकडे, वेळा, नावे तेवढी जशीच्या तशी टिपून ठेवली. त्यामुळे साठ वर्षांनंतर, तीस वर्षांनंतर, वीस वर्षांनंतरही ती मुले आपल्याला ओळखीची वाटतात.

पोंभुर्ण्याच्या त्या मुलाची आई बहुधा शिक्षकांहून आणि समीक्षकांहून चांगली वाचक असेल. ‘एवढ्या लवकर आली?’ हा प्रश्न ऐकून तिने घड्याळ दाखवले नसेल. फुलांची टोपली खाली ठेवून ती म्हणाली असेल, ‘हो बापा, आज लवकर झालं.’